फुल एचडी टीव्हीवर पीएस ५ वाया जातो का?

प्रश्न असा आहे : मुलाची दहावी झाली की त्याला प्लेस्टेशन ५ घ्यायचा आहे. घरात ४३ इंची फुल एचडी टीव्ही आहे आणि तो छान चालतो. दुकानदार म्हणाला, ‘४के टीव्ही नसेल तर पीएस ५ घेणं म्हणजे पैसे पाण्यात.’ टीव्हीही बदलायचा तर बजेट कोलमडतं. मग ४केची खरोखर गरज आहे का?

ताई, टीव्ही बदलू नका. पीएस ५ घ्या आणि आहे त्या टीव्हीला जोडा. मी गेली अठरा वर्षं पुणे-पिंपरी भागात टीव्ही बसवून देणं, त्यांचं चित्र नीट लावून देणं आणि कन्सोल (पीएस ५ सारखी गेम खेळायची यंत्रं) दुरुस्त करणं हेच काम करतोय. एवढ्या घरांत जाऊन माझं मत असं झालंय की गेम खेळणाऱ्याच्या समाधानात रिझोल्यूशनचा, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचं आहे याचा, नंबर चौथा-पाचवा लागतो. त्याच्याआधी गेम किती सहज हलतो, बटण दाबल्यावर किती लवकर प्रतिसाद येतो आणि काळोख-उजेडातला फरक किती दिसतो या गोष्टी येतात. जाहिरातीत मात्र रिझोल्यूशन पहिलं असतं, कारण ते एका आकड्यात सांगता येतं.

आधी हिशेब बघा. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २० लाख ७३ हजार पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८२ लाख ९४ हजार. बरोबर चौपट. पण ही चौपट डोळ्यापर्यंत पोचते का, हे सोफा टीव्हीपासून किती लांब आहे त्यावर ठरतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ६/६ म्हणतात ती नजर अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकते. तुमच्या ४३ इंची पडद्यावर फुल एचडीचा एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा आहे. साडेपाच फुटांच्या पलीकडे गेलात की हे पिक्सेल एकमेकांत मिसळतात, सुटे दिसत नाहीत. ५५ इंचाला हीच सीमा सात फुटांच्या जरा पुढे जाते आणि ६५ इंचाला साडेआठ फुटांच्या आसपास.

म्हणून कुणाच्याही घरी गेलो की मी टीव्हीच्या आधी टेप काढतो. आपल्याकडच्या टू बीएचकेचा हॉल बहुतेक वेळा दहा-अकरा फूट रुंद असतो. टीव्ही एका लांब भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला. सोफ्याची पाठ आणि टीव्हीचा स्टँड वजा केला तर डोळ्यापासून काचेपर्यंत आठ फूट भरतात, कधी साडेसात. आठ फुटांवरून ४३ इंची पडद्यात ४के आणि फुल एचडी ओळखा म्हटलं तर शांत चित्रात मलाही जमत नाही, आणि माझा तर हाच धंदा आहे.

याला एक अपवाद आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. गेममधलं चित्र कॅमेऱ्याने टिपलेलं नसतं, ते गणिताने काढलेलं असतं. त्यामुळे विजेच्या तारा, कुंपणाच्या जाळ्या, लांबच्या गवताची पाती अशा बारीक गोष्टींच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात आणि हलताना लुकलुकतात. ही लुकलुक पिक्सेल सुटा दिसण्याच्या अंतराच्या बाहेरूनही डोळ्याला टोचते. शिवाय मुलांची नजर पुष्कळदा ६/६ पेक्षाही तीक्ष्ण असते. पण या दुखण्याचं औषध टीव्हीत कमी आणि कन्सोलमध्ये जास्त आहे. गेम आतमध्ये मोठ्या रिझोल्यूशनवर काढला जात असेल आणि टीव्ही फुल एचडी असेल, तर पीएस ५ ते मोठं चित्र आवळून १०८०पीमध्ये, म्हणजे फुल एचडीत बसवतो. (‘पी’च्या आधीचा आकडा म्हणजे चित्राच्या उभ्या मापातले पिक्सेल, त्या हिशेबाने ४के म्हणजे २१६०पी.) चार पिक्सेलची सरासरी एका पिक्सेलमध्ये येते, कडा मऊ होतात, लुकलुक बरीच कमी होते. म्हणजे कन्सोलने ४केसाठी केलेल्या मेहनतीतला मोठा वाटा तुमच्या जुन्या टीव्हीवरही दिसतो. ‘वाया जातो’ हे म्हणणं इथेच चुकतं.

आता कन्सोलकडे वळू. खोक्यावर ४के लिहिलंय म्हणजे प्रत्येक गेम ४केमध्ये काढला जातो असं नाही. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये पीएस ४ प्रो आला तेव्हापासून अर्धे पिक्सेल काढायचे आणि उरलेले आधीच्या फ्रेमवरून, म्हणजे क्षणापूर्वीच्या चित्रावरून, हुशारीने भरायचे, ही पद्धत रुळली. आज पीएस ५ वर बहुतेक मोठे गेम १४४०पीच्या मागेपुढे काढले जातात आणि वाढवून ४केला नेले जातात. काही जड गेम, रेखीवपणा सोडून वेग देणाऱ्या मोडमध्ये, ७२०पीच्या जवळही घसरतात. २०२४ मध्ये आलेल्या पीएस ५ प्रोमध्ये हे वाढवण्याचं काम मशीन लर्निंगने होतं. (तो तेव्हा भारतात आला नाही. त्याच्या वाय-फायला लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याला आपल्याकडे तोवर परवानगी नव्हती.) निंटेंडो कंपनीचा २०२५ चा स्विच २ हा कन्सोलसुद्धा टीव्हीला ४के देतो, तोही अशाच वाढवण्याच्या जोरावर. टीव्हीच्या कोपऱ्यात २१६०पी दिसलं की आपण समाधान मानतो, पण ते फक्त वायरमधून येणाऱ्या चित्राचं माप असतं. मूळ चित्र किती पिक्सेलचं होतं हे त्यावरून कळत नाही.

आणि यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वेग. चिंचवडच्या एका घरातला प्रसंग सांगतो. ५५ इंची ४के टीव्ही, सोफा आठ फुटांवर, घरात दोन भाऊ. मोठा अकरावीत, धाकटा सातवीत. वडिलांना माझ्याकडून हेच जाणून घ्यायचं होतं की ४केवर पैसे घातले ते बरोबर केलं का. मी दोघांना खोलीबाहेर पाठवलं आणि सेटिंगमध्ये पीएस ५ चं आउटपुट २१६०पीवरून १०८०पीवर आणलं. स्पायडरमॅनचा माइल्स मोरालेसवाला गेम लावला आणि त्यांना आत बोलावलं. मोठा पाच मिनिटं इमारतींमधून झोके घेत होता. काही बदललंय का विचारलं तर म्हणाला, नाही काका, तसंच आहे. धाकट्याने मात्र नकाशा उघडल्यावर बोट ठेवलं : ‘ही अक्षरं जरा फुगल्यासारखी वाटतात.’ शाबास! मग मी आउटपुट परत २१६०पी केलं, पण गेमच्या आतला मोड ‘परफॉर्मन्स’वरून ‘फिडेलिटी’वर टाकला. म्हणजे चित्र जास्त रेखीव, प्रतिबिंबं जास्त खरी, पण सेकंदाला ६० ऐवजी ३० फ्रेम. दोन झोके झाले नाहीत तोच मोठा म्हणाला, ‘हे अडकतंय.’ धाकटा म्हणाला, ‘जड झालंय.’ चौपट पिक्सेल एकाच्या लक्षात आले नाहीत, दुसऱ्याला फक्त अक्षरांत दिसले. फ्रेम अर्ध्या झाल्या ते दोघांच्या हाताला लगेच कळलं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. समजा गेममध्ये कॅमेरा वळला आणि एखादी खिडकी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन सेकंदांत गेली. ४के पडद्यावर तिचा वेग सेकंदाला १९२० पिक्सेल झाला. डोळा तिच्यामागे सलग फिरत राहतो, पण सेकंदाला ६० फ्रेम असतील तर चित्र प्रत्येक वेळी १६.७ मिलिसेकंद जागच्या जागी थांबलेलं असतं. तेवढ्या वेळात डोळा ३२ पिक्सेल पुढे सरकलेला असतो, म्हणून ती खिडकी डोळ्याला ३२ पिक्सेलभर फासलेली दिसते. ३० फ्रेमवर ती ६४ पिक्सेलभर फासलेली दिसते. मग ज्या बारकाव्यांसाठी ४के घेतला ते कॅमेरा हलला की पुसले जातात. आणि गेममध्ये कॅमेरा सारखाच हलत असतो. दुकानात ४के टीव्हीवर फुलाच्या पाकळीवर थांबलेला दवबिंदू दाखवतात, कारण थांबलेल्या चित्रातच तो फरक पुरा दिसतो.

खेळणाऱ्यांनीही आपला कौल दिलाय. पीएस ५ चे मुख्य आरेखक मार्क सर्नी यांनी २०२४ च्या सप्टेंबरमध्ये प्रो दाखवताना सांगितलं की मोड निवडायची वेळ येते तेव्हा साधारण तीन चतुर्थांश वेळा लोक परफॉर्मन्स निवडतात. म्हणजे रिझोल्यूशन सोडून वेग घेतात. जरा मागे गेलं तरी तेच दिसतं. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ एचडीएमआय, म्हणजे एचडी चित्र नेणारी वायरची सोय, घेऊन उतरला. त्याच्या पलीकडे निंटेंडोचा वी होता, फक्त ४८०पी देणारा, आणि तो १० कोटींच्या वर विकला गेला. त्याच्याशी स्पर्धा करणारे पीएस ३ आणि एक्सबॉक्स ३६०, दोघेही ९ कोटींपर्यंत पोचले नाहीत. २०१७ चा पहिला स्विच टीव्हीवर १०८०पीच्या पुढे जातच नाही, हातात घेतला तर ७२०पी. तो १५ कोटींच्या पुढे गेला.

मग रिझोल्यूशनला किंमत नाही का? आहे, आणि जिथे आहे तिथे ती भरपूर आहे. पहिली जागा म्हणजे अक्षरं. एचडीचं युग सुरू होत होतं तेव्हा, २००६ मध्ये, एक्सबॉक्स ३६० वर डेड रायझिंग नावाचा गेम आला. त्याचा मजकूर एचडी टीव्ही समोर ठेवून बेतलेला होता. जुन्या पेटीसारख्या टीव्हीवर ती अक्षरं वाचताच येत नव्हती आणि लोकांनी त्यावर खूप तक्रारी केल्या. आज हेच थोड्या प्रमाणात पुन्हा होतंय. गेम बनवणारे मोठ्या पडद्याजवळ बसून काम करतात, मग आपल्या हॉलमध्ये सूचना मुंगीएवढ्या दिसतात. ४केने अक्षराची कड सुधारते, आकार तेवढाच राहतो. म्हणून गेमच्या ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर जाऊन सबटायटल आणि मेनूची अक्षरं मोठी करायची सोय आहे का बघा. पुष्कळ नव्या गेममध्ये असते आणि फारच थोड्या घरांत कुणी ती वापरलेली असते.

दुसरी जागा, पडदा वाटून खेळणं. इट टेक्स टूसारख्या गेममध्ये दोघं जण एकाच पडद्याच्या दोन भागांत खेळतात. फुल एचडीवर प्रत्येकाच्या वाट्याला १० लाख पिक्सेल येतात आणि अर्ध्या भागातली चिमुकली पात्रं बघायला दोघंही पुढे सरकून बसतात. अंतर कमी झालं की माझा वरचा सगळा हिशेब बदलतो. तिसरी जागा रेसिंगची. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये दोनशेच्या वेगात लांबचं वळण आणि ब्रेकची पाटी जितकी आधी सुटी दिसेल तितका खेळणाऱ्याचा फायदा. ती पाटी लांब असताना पडद्यावर मोजून चार-सहा पिक्सेलची असते, तिथे चौपट म्हणजे खरोखर चौपट. आणि चौथी म्हणजे टेबलावरचा मॉनिटर. मुलगा अभ्यासाच्या टेबलाशी २७ इंची मॉनिटरसमोर दोन-अडीच फुटांवर बसणार असेल तर फुल एचडीचे पिक्सेल त्याला स्वच्छ दिसतील. तिथे १४४०पीचा मॉनिटर घ्यावा असं मी सांगतो. पीएस ५ ला २०२२ च्या सप्टेंबरपासून १४४०पी देता येतं, त्याआधी येत नव्हतं.

यात एक गोष्ट ४केच्या नावाखाली विकली जाते पण ती ४के नव्हे. ती म्हणजे एचडीआर, उजेड आणि काळोखाचा जास्त मोठा पल्ला. गुहेतून बाहेर येताना उन्हाने डोळे दिपतात तसं पडद्यावर होतं ते याच्यामुळे. एचडीआरला ४के लागतंच असं नाही. साध्या पीएस ४ लाही २०१६ मध्ये सॉफ्टवेअर अपडेटने एचडीआर मिळालं होतं आणि तो ४के देत नव्हता. पण टीव्ही कंपन्यांनी एचडीआर दिलं ते मुख्यतः ४के पॅनलबरोबर, म्हणून नवा टीव्ही बघून लोक ‘वा, काय ४के आहे!’ म्हणतात तेव्हा त्यांना आवडलेला असतो तो उजेड. आणि इथेच स्वस्तातला ४के टीव्ही फसवतो. कमी किमतीच्या ४३ इंची ४के संचावर एचडीआरचा शिक्का असतो, पण पॅनलचा उजेड जेमतेम अडीचशे-तीनशे निट (निट हे उजेडाचं माप). असा संच एचडीआर सिग्नल घेतो आणि चित्र उलट काळपट करून दाखवतो. तुमच्या चांगल्या फुल एचडी पॅनलच्या जागी असला टीव्ही आला तर पैसे जाऊन चित्र बिघडेल. टीव्ही बदलू नका म्हणायचं माझं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

वाकडच्या एका घराची तक्रार वेगळीच होती. ६५ इंची महागडा टीव्ही, पीएस ५, आणि मुलगा म्हणत होता, बटण दाबलं की उडी उशिरा बसते. कंट्रोलर बदलून झाला होता. मी पीएस ५ च्या सेटिंगमध्ये स्क्रीन अँड व्हिडिओच्या पानावर जाऊन चालू सिग्नल वाचला : १९२० बाय १०८०, एचडीआर बंद. फर्निचर करताना भिंतीतून नेलेली दहा मीटरची जुनी एचडीएमआय वायर ४केचा भार पेलत नव्हती, म्हणून कन्सोल गुपचूप खाली उतरला होता. टीव्हीच्या त्या पोर्टची सेटिंगही साध्या फॉरमॅटवर होती. टीव्ही स्वतः सिनेमाच्या मोडमध्ये होता, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर तो संस्कार करत बसायचा आणि दाखवायला उशीर लावायचा. मी कन्सोल टीव्हीच्या खाली आणला, खोक्यातलीच वायर लावली, पोर्टचा फॉरमॅट बदलला आणि गेम मोड चालू केला. मुलाने दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, ‘झालं!’ त्याला सुटलेला जाणवला तो उशीर. आठ महिने ते घर ६५ इंचावर फुल एचडी बघत होतं आणि कुणालाही ते खटकलं नव्हतं. मी सिग्नल वाचला नसता तर आजही कळलं नसतं.

तुमच्या टीव्हीवर हेच सगळं लागू आहे, तेव्हा पहिल्या संध्याकाळी एवढं करून घ्या. टीव्हीत गेम मोड शोधा, काही संचांवर तो पिक्चर मोडच्या यादीत असतो, काहींवर इनपुटचं नाव बदलून ‘गेम’ किंवा ‘पीसी’ ठेवावं लागतं. मग पडद्याचा आकार तपासा. पुष्कळ टीव्ही केबलच्या काळातल्या सवयीने चित्राच्या कडा कापतात आणि उरलेलं ताणून दाखवतात. फुल एचडीचा एकेक पिक्सेल जागेवर बसायचा असेल तर हे बंद करायला लागतं. सेटिंगला ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’ अशी नावं असतात. हे केल्यावर कित्येकांना वाटतं टीव्ही नवा आलाय. शार्पनेस खाली आणा, वाढवलेला शार्पनेस प्रत्येक कडेला पांढरी किनार लावतो आणि लुकलुक वाढवतो. शेवटी पीएस ५ मध्ये गेम प्रीसेटच्या जागी परफॉर्मन्स मोड ठेवा, म्हणजे जे गेम दोन्ही मोड देतात ते आपोआप वेगवान मोडमध्ये उघडतील.

पुढे कधी हा टीव्ही दमला आणि बदलायची वेळ आली तर ४के वेगळा मागावा लागणार नाही, त्या आकारात जवळजवळ सगळे तेच मिळतात. तेव्हा विक्रेत्याला पॅनल खरोखर १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणारं आहे का, व्हीआरआर आहे का, आणि एचडीएमआय २.१ चे, म्हणजे ४के चित्र सेकंदाला १२० वेळा घेऊ शकणारे, पोर्ट किती व कुठले, हे विचारा. व्हीआरआर म्हणजे कन्सोलची फ्रेम तयार होईल तेव्हा टीव्हीने ती दाखवायची, ठरलेल्या ठोक्याची वाट बघायची नाही. पीएस ५ ला ही सोय २०२२ च्या एप्रिलमध्ये मिळाली. फ्रेम ५० पर्यंत घसरली तरी हाताला झटका लागत नाही, आणि माझ्या मते गेल्या दहा वर्षांत गेमच्या पडद्यात झालेली सगळ्यात उपयोगी सुधारणा हीच. ८केचा विषय कुणी काढला तर कानाआड करा. ६५ इंची पडद्यावर ४केचे पिक्सेल सुटे बघायलाच सव्वाचार फुटांवर बसावं लागतं.

टीव्हीचे पैसे वाचतात त्यातले थोडे दुसऱ्या कंट्रोलरवर घाला. सुट्टीत भाऊ-बहीण, मित्र कुणीतरी येणारच, आणि मग इट टेक्स टू लावून सोफा दोन फूट पुढे ओढा. ४३ इंचाला सहा फुटांवरून पडदा वाटून खेळायला काहीच अडचण येत नाही.